२७१ किलोची रेसकार आणि मोंढ्यातला काटा

आमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीचं खरं वजन पहिल्यांदा कळलं ते संभाजीनगरातल्या जाधववाडीच्या मोंढ्यामुळं, म्हणजे धान्याच्या मार्केटमुळं. टीममधल्या एकाच्या चुलत्याची तिथं आडत आहे, त्यांचा मका-सोयाबीनची पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा एका रविवारी छोटा हत्तीत टाकून कॉलेजच्या वर्कशॉपला आणला. त्याच्या आधी सगळे "दोनशे तीस-चाळीस असंल" म्हणायचे, कारण आधीच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं, आणि रिपोर्टमधलं वजन म्हणजे कॅडमधून, कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमधून आलेलं वजन, त्यात वेल्डिंगचं मटेरियल नसतं, रंग नसतो, वायरी नसतात, ऑइल नसतं, झिप टाय तर कुणी धरतच नाही. पुढची चाकं काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यांवर, मग उलटं. दोन्ही आकडे मिळून २७१ किलो. तेही ड्रायव्हर न बसवता.

कॅप्टन म्हणला काटा खराब असंल. चुलते तिथंच उभे होते, ते म्हणले, "काटा पासिंगचा हाय बाबा, शेतकरी भांडतेत एका किलोसाठी. तुमची गाडीच जड हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे कॉलेजच्या पोरांनी एका सीटची, उघड्या चाकांची छोटी रेसकार स्वतः डिझाइन करून बनवायची आणि स्पर्धेत पळवायची. आम्ही ज्या फॉर्म्युला भारत स्पर्धेला गेलो ती कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होते. भारतात बऱ्याच टीम केटीएम ३९० बाईकचं जुनं इंजिन वापरतात, ३७३ सीसीचं, आम्ही पण तेच. आता गंमत अशी की पेट्रोलच्या गाडीत इंजिनला जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून जायला पाहिजे असा नियम आहे, त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. म्हणजे पॉवर वाढवायचा दरवाजा जवळपास बंद. बाईकमध्ये हे इंजिन ४३ एचपी देतं, आपल्याला तेवढी पण मिळत नाही.

मग राहतं काय, तर वजन. साधा हिशोब, २७१ ची गाडी आणि ७० चा ड्रायव्हर मिळून ३४१. गाडी २२५ वर आणली तर २९५. तेवढ्याच ताकदीत अ‍ॅक्सिलरेशन साधारण साडेपंधरा टक्क्यांनी वाढलं. हेच इंजिनमधून काढायचं म्हणलं असतं तर ४३ ची ५० एचपी करावी लागली असती, जे त्या भोकातून होणं अवघडच. आणि पॉवर वाढली की फायदा फक्त सरळ रस्त्यावर, वजन कमी झालं की ब्रेक मारताना पण फायदा आणि वळताना पण, कारण टायरवर लोड वाढतो त्या प्रमाणात ग्रिप वाढत नाही, कमीच वाढते, त्यामुळं जड गाडी तोच टायर लावून पण वळणावर आधी घसरते.

रात्री होस्टेलवर आम्ही मोठ्या गाड्यांचं वाचत बसायचो, त्यातून पण हेच दिसायचं. फेरारी एफ४० मध्ये कार्पेट नाही, आतून दार उघडायला हँडल नाही, एक दोरी ओढायची. १९७३ ची पोर्श ९११ कॅरेरा आरएस, तिचा पत्रा पातळ, काच पातळ, मागचं सीट काढलेलं, डॅशबोर्डवरचं घड्याळ सुद्धा काढलेलं, आणि गाडी ९६० किलोची. पोर्श ९१७ मध्ये गिअरचा गोटा बाल्सा लाकडाचा. मॅकलारेन एफ१ बनवणाऱ्या गॉर्डन मरेनं जवळपास तीस वर्षांनी टी.५० काढली ती हजार किलोच्या आतली, आणि दुसरीकडं बुगाटी शिरॉन, १५०० एचपी आणि वजन दोन टनाला टेकलेलं. दोन्ही भारीच आहेत, पण मला पहिल्या जातीची गाडी आवडते, दुसरीत पैसा दिसतो.

टीममध्ये आधी जो सूर लागला तो "कार्बन फायबर घेऊ, क्रोमोली घेऊ". इथं मला वजनाचं काम दिलं गेलं. खरंतर कुणालाच ते नको होतं, कारण त्यात स्वतःचा असा एकही पार्ट नसतो, फक्त दुसऱ्याच्या पार्टवर बोट ठेवायचं. माझा मामा वाळूजला एका व्हेंडर कंपनीत आहे, बाईकचे पार्ट बनवतात, त्याला फोन केला तर तो म्हणला आमच्याकडं दरवर्षी कॉस्ट डाऊन असतंय, कस्टमर येतो आणि म्हणतो रेट कमी करा, मग आम्ही प्रत्येक पार्ट टेबलावर ठेवून विचारतो, "तू हितं काय करायलास?" उत्तर नाही आलं की पार्ट बाद. तुम्ही पण तेच करा, पैशाच्या जागी ग्रॅम लिहा.

तर मी एक्सेल शीट बनवलं. पार्टचं नाव, कुणाचा, कॅडमधलं वजन, काट्यावरचं वजन, आणि शेवटचा कॉलम "हा काढला तर काय होईल". अख्खी जुनी गाडी खोलली. मोठे पार्ट मोंढ्याच्या काट्यावर, छोटे पार्ट किचनच्या काट्यावर. शेवटच्या कॉलममध्ये इतक्या ठिकाणी "माहीत नाही" आलं की विचारू नका. एक ब्रॅकेट होता इंजिनच्या मागं, ५ मिमी जाड प्लेटचा, लई सुंदर वेल्डिंग केलेला, आणि त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. दोन बॅच आधीच्या सीनियरला फोन केला, तो आता पुण्यात नोकरीला, तो म्हणला अरे त्याला आधी बॅटरी लावायची होती, नंतर बॅटरी पुढं नेली.

चेसिसवर, म्हणजे गाडीच्या नळ्यांच्या सांगाड्यावर, सगळ्यात जास्त भांडण झालं. क्रोमोलीची नळी म्हणजे ४१३० नावाच्या स्टीलची, सगळ्यांना वाटतं ती हलकी असते. हलकी नसते. स्टील ते स्टील, घनता तीच, ७.८५. आणि स्टिफनेस पण तोच, कारण इलॅस्टिक मॉड्युलस दोन्हीचा सारखाच. क्रोमोली जास्त ताकदीची असते, म्हणजे पातळ नळी वापरून पण तुटणार नाही, पण आमच्या स्पर्धेत नळीची भिंत किती जाड पाहिजे हे नियमच सांगतो, मग त्या जास्तीच्या ताकदीचं करायचं काय? हे पटवायला मला दोन मीटिंग लागल्या कारण इंस्टाग्रामवर सगळ्या मोठ्या टीम क्रोमोली लिहितात. शेवटी साधीच नळी घेतली. जालना एवढं जवळ, गावभर सळईच्या मिला, पण आपल्याला पाहिजे ती सीमलेस नळी तिथं कोण देणार, ती पुण्याहून मागवली.

वजन खरं उतरलं ते वेगळ्याच ठिकाणी. नियम रोल हूपला, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या कमानीला, जाड भिंत मागतो, साइड इम्पॅक्टला, बाजूनं धडक बसली तर सोसणाऱ्या नळ्यांना, त्यापेक्षा पातळ चालते, मागच्या सपोर्टला अजून पातळ. जुन्या गाडीत सगळीकडं एकच जाड नळी होती, कारण तेव्हा एकाच साइजचा लॉट स्वस्त मिळाला होता. २५.४ मिमीची नळी २.४ मिमीच्या भिंतीची असली तर मीटरला १.३६ किलो, १.६ च्या भिंतीची असली तर ०.९४. बारा-एक मीटर बदलली की पाच किलो गेले, एक रुपया जास्त न घालता.

वेल्डिंग चिकलठाण्याच्या एका चाचांकडं होतं, टिगमध्ये त्यांचा हात असा की पातळ नळीवर पण भोक पडत नाही. पण चाचांचा स्वभाव दणकट. "मजबूत होना की नई?" म्हणत ते प्रत्येक जॉइंटवर अजून एक पास मारायचे. मी म्हणायचो चाचा बस, जास्त भरू नका, तर ते म्हणायचे, "गाडी में बच्चा बैठनेवाला है ना बेटा." याच्यावर काय बोलणार. मग मी त्यांना जॉइंटचे मोजमाप लिहून द्यायला लागलो आणि सोबत बसून चहा प्यायला लागलो, त्याचा जास्त उपयोग झाला.

टॅब म्हणजे नळीवर वेल्ड करतात त्या कानपट्ट्या, ज्यात सस्पेन्शनचा बोल्ट बसतो. जुन्या ५ मिमीच्या होत्या. बोल्ट एकाच बाजूनं धरलेला असला की तो वाकायला बघतो, दोन्ही बाजूंनी धरला की लोड वाटला जातो आणि ३ मिमी भरपूर होते. सगळ्या टॅब दोन बाजूंच्या केल्या आणि लेझरवर कापून घेतल्या. टॅब आणि चेसिस मिळून नऊ किलो.

अपराइट, म्हणजे चाकाचा बेअरिंग धरणारा पार्ट, आधी स्टीलच्या प्लेटी वेल्ड करून बनवलेला होता. हे अनस्प्रंग वजन, स्प्रिंगच्या खालचं, इथला एक किलो वरच्या एका किलोपेक्षा जास्त त्रास देतो कारण रस्ता वरखाली झाला की चाकाला तेवढं वजन घेऊन नाचावं लागतं. तिथं ॲल्युमिनियम आणलं, ७०७५. याची ताकद चांगल्या स्टीलच्या जवळ जाते आणि घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, पण वेल्ड होत नाही, त्यामुळं अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागतो. ६०६१ वेल्ड होतं पण वेल्डच्या आजूबाजूची ताकद उतरते. लोटस एलिसची चेसिस मला याच कारणासाठी लई आवडते, १९९६ ची गाडी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्ड न करता चिकटवलेल्या, अख्खी चेसिस ६८ किलोची. चिकटवल्यामुळं उष्णता लागत नाही, म्हणून पातळ भिंत चालते.

मामाच्या ओळखीच्या एका छोट्या व्हीएमसीवाल्यानं (व्हीएमसी म्हणजे धातू कोरायची कॉम्प्युटरवाली मशीन) रात्रपाळीत, त्याचे स्वतःचे जॉब संपल्यावर, आमचे अपराइट काढून दिले. साडेपाच किलोचा ठोकळा लावला आणि नऊशे ग्रॅमचा पार्ट निघाला, बाकी सगळ्या चिप्स. त्यानं चिप्स भंगारात विकायला ठेवून घेतल्या, तेवढाच त्याचा मोबदला, आणि वरून नान खलियाचं जेवण आमच्याकडून.

चाकांचं पण असंच. फिरणारं वजन दोनदा मोजावं लागतं, एकदा पुढं न्यायला आणि एकदा फिरवायला, रिमच्या कडेला असलेला एक किलो अ‍ॅक्सिलरेशनमध्ये जवळजवळ दोन किलोसारखा वागतो. १० इंची चाकं घ्यायची लई इच्छा होती पण १३ इंची टायर आधीचे पडलेले होते आणि नवीन सेटचे पैसे नव्हते, विषय संपला.

आता बोल्ट. याच्यावर सगळे हसले होते. मी जुन्या गाडीचे सगळे नट-बोल्ट एका घमेल्यात टाकून मोजले तर नऊ किलोच्या वर. नियम म्हणतो महत्त्वाच्या बोल्टचे नटच्या बाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. आमचे दिसायचे दहा-दहा, कारण दुकानात ६० चा बोल्ट मिळाला, ४५ चा नव्हता. एम८ च्या, म्हणजे ८ मिमी जाड बोल्टची दर दहा मिलिमीटर लांबी म्हणजे चार ग्रॅम. चार ग्रॅम ऐकायला काहीच नाही, दीडशे बोल्टला लावा, सहाशे ग्रॅम झाले. मग जिथं एम६ पुरतो तिथं एम६, तो जवळपास निम्म्या वजनाचा. टायटॅनियमचे बोल्ट बघितले, किंमत बघितली, बंद केलं. नुसती लांबी बरोबर करून आणि साइज बदलून तीन किलो. यासाठी मी आणि एक ज्युनिअर शहागंजपासून चिकलठाण्यापर्यंत हार्डवेअरची दुकानं फिरलो, शेवटी दुकानदार आम्हाला बघितलं की म्हणायचे आले ग्रॅमवाले.

वायरिंगमध्ये केटीएमचं मूळ हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, तसंच टाकलेलं होतं, त्यात हेडलाइटची लाइन, इंडिकेटर, हॉर्न, साइड स्टँडचा स्विच, सगळं गुंडाळून टेपनं बांधून ठेवलेलं. आमच्या इलेक्ट्रिकलच्या पोरीनं ते अख्खं उकललं, एकेक वायर शोधून काढून टाकली, आणि लेड अ‍ॅसिडच्या बॅटरीजागी लिथियमची छोटी लावली. दोन्ही मिळून पाच किलो. टीममधलं सगळ्यात किचकट काम ते होतं आणि फोटोत काहीच दिसत नाही.

बॉडी फायबरग्लासची. हातानं ब्रशनं रेझिन लावलं की मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, पाकात मुरलेल्या गुलाबजामासारखी रेझिन पिऊन बसते, आणि जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन. म्हणून व्हॅक्यूम बॅगिंग करायचं ठरवलं, भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून लावला, वरून प्लास्टिक, हवा ओढली की जास्तीचं रेझिन बाहेरच्या कापडात जातं. पण महिना मे, संभाजीनगरात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, रेझिन मिसळलं की डब्यातच गरम होऊन दगड व्हायचं. मग हार्डनर कमी केलं आणि सगळं काम पहाटे चारला सुरू करायचो. एकदा बॅग लागली, हवा ओढली गेली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आणेपर्यंत बॅग ढिली पडली, नाकाचा तो भाग परत केला. तरी अकरा किलोची बॉडी पाचवर आली.

ती पाचची साडेसहा व्हायची वेळ आलती, कारण कॉलेजमध्ये नॅकची टीम येणार होती आणि सरांना गाडी चकचकीत पाहिजे होती, म्हणजे पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. मी सरांना काट्यावर एक रंगवलेला आणि एक बिनरंगाचा तुकडा ठेवून दाखवला, आणि सांगितलं की २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या टीमनी पण वजनासाठी रंग खरवडून काळं कार्बन उघडं ठेवलं होतं. सर म्हणले ठीकय, पण कॉलेजचा लोगो मोठा पाहिजे. विनाइल लावलं.

डिफरन्शियल काढण्यावर मात्र मी अजून पण पूर्ण खूश नाही. डिफ म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा पार्ट. आधी जुन्या मारुती ८०० चं डिफ होतं, ते काढून स्पूल टाकला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट. इंजिन माउंट धरून पाच किलो वाचले, पण आखूड वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगानं फिरतं, मग गाडी वळायच्या ऐवजी पुढं ढकलली जाते. आठच्या आकड्याची जी स्किडपॅड असते तिथं ते जाणवलं. पैसे असते तर हलकं लिमिटेड स्लिप डिफ घ्यावं, नसले तर स्पूल, जुन्या कारचं डिफ नको एवढंच सांगीन.

काही पार्टला हात लावायचाच नाही हे पण त्या शीटमध्ये लाल करून ठेवलं होतं. इंजिन साधारण ३६ किलो, ते आहे तसं. कॉकपिट लहान करता येत नाही, नियमात उंच माणसाचा एक साचा असतो तो आत बसला पाहिजे. ब्रेक पेडलला २००० न्यूटन सोसलं पाहिजे, म्हणजे २०४ किलो. पेडलवाल्यानं त्यात भोकं पाडून पाडून जाळी केलती, मी म्हणलं आधी बेंचवर लावू. पेडल बांधून त्यावर टीममधले तीन जाडे उभे केले. वाकलं. नवीन पेडल ऐंशी ग्रॅम जास्तीचं बनलं आणि त्याच्यावर तिघं नाचले तरी काही झालं नाही.

टेस्टिंगला शेंद्र्याच्या बाजूला एका रिकाम्या प्लॉटिंगचा डांबरी रस्ता मिळाला होता. त्या एमआयडीसीत ऑडी जोडतात, त्यामुळं कधीतरी कव्हर घातलेल्या गाड्या ट्रेलरवर जाताना दिसायच्या आणि आमची पोरं काम सोडून बघत बसायची. तिथं तिसऱ्या का चौथ्या राउंडला पुढच्या रॉकरचा, म्हणजे चाकाचा जोर स्प्रिंगकडं वळवणाऱ्या पार्टचा, माउंट तडकला. सॉफ्टवेअरमध्ये तो पास होता, कारण लोड रेस ट्रॅकचे टाकलेले, आणि आमचा रस्ता मराठवाड्यातला. सस्पेन्शनवाला म्हणला कोइम्बतूरला खड्डे नाहीत, असू दे. कॅप्टन म्हणला कोइम्बतूरला जायच्या आधी पाच-सहाशे किलोमीटर हितंच फिरवायचीय. त्यात १८० ग्रॅम परत घातले. ते शीटमध्ये चढवताना जीवावर आलतं माझ्या.

ड्रायव्हरचा विषय पण निघाला, निघणारच. एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या राउंडला, २२ किलोमीटर आणि दोन ड्रायव्हर लागतात, आमचा सगळ्यात फास्ट ड्रायव्हर ८१ किलोचा. आम्ही बोल्टमधून तीन किलो काढतो आणि हा मेसवर पाचवी भाकरी मागतो, म्हणून सगळी टीम त्याच्या ताटावर लक्ष ठेवायला लागली. त्यानं सहा किलो कमी केले खरे. शीटमध्ये त्याच्या नावाची पण एक ओळ होती, "काढला तर काय होईल" मध्ये कुणीतरी लिहिलं होतं, "जिंकू".

कोइम्बतूरला टेक इन्स्पेक्शनमध्ये गाडी ६० अंशात आडवी करतात, काही गळत नाही ना बघायला, मग चारही चाकं एकदम लॉक होतात का ते ब्रेक टेस्टमध्ये. दोन्ही झालं. अधिकृत वजन २३२ किलो. टार्गेट २२५ होतं, सात किलो राहिले, त्यातले तीन तरी सायलेन्सरमध्ये आहेत कारण आवाजाच्या लिमिटमध्ये बसायला शेवटच्या आठवड्यात तो मोठा करावा लागला. डिझाइनच्या जजनी शीट मागितलं आणि बाकी फाइल बाजूला ठेवून तेच बघत बसले, "माहीत नाही" वाल्या ओळी कशा कमी झाल्या ते विचारत होते. एन्ड्युरन्स पूर्ण झाली, आमच्या कॉलेजची पहिल्यांदा. पहिल्या दहात वगैरे नाही आलो.

आता ज्युनिअर इलेक्ट्रिक गाडी बनवायलेत. त्यांचा बॅटरी पॅकच पन्नास किलोच्या घरात जायलाय, आणि त्यातला एकजण परवा मला फोन करून विचारत होता की दादा पॅकचा डबा कार्बन फायबरचा करू का. मी विचारलं आत्ता डब्याचं वजन किती आहे. म्हणला कॅडमध्ये बघून सांगतो. म्हणलं मोंढ्यातून काटा आण आधी.